लेकीच्या बॅजवरचा आकडा

आमची लेक अंतराळवीरांसाठी काम करते असं मी कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी आभाळाकडं बघतो आणि मग माझ्याकडं. पलीकडच्या घरातल्या मामींनी तर एकदा तमिळमध्ये सरळ विचारलं, "म्हणजे ती वर जाणार का?" मग सांगावं लागतं, की ती कुठंही जायची नाही. ती जमिनीवरच असते, लांबच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत, आणि वर जाणाऱ्यांच्या शरीराचं तिथल्या किरणोत्सर्गानं काय होतं ते शोधते. तेसुद्धा माणसांवर नाही, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. एवढं ऐकलं की मामींचा उत्साह मावळला आणि त्या मुरुंग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांच्या भावाकडं वळल्या.

माझा स्वभाव तापट आहे. मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्यांचे कष्ट वाचतील. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावुरात आलं ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याकडची माणसं गालातल्या गालात हसतात, आणि मला त्याचाही राग येतो. मी आयुष्यभर घरी हिंदीच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळं देवनागरी हातात बसली. लेकीला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून हे सगळं मी अगदी मोकळेपणानं लिहिते आहे.

ती नवरात्रात आली होती, चार दिवसांची रजा काढून. आमच्याकडं इथल्या रीतीप्रमाणं कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, खाली जमिनीवर एखादं गाव नाहीतर समुद्रकाठ, आणि संध्याकाळी बायका आल्या की सगळ्यांना सुंदल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे. त्या वर्षी बायकांनी बाहुल्यांकडं पाहिलं नाही, लेकीलाच घेरलं. तीही खुलली. म्हणाली, "आपल्या पृथ्वीला चुंबकाचं पांघरूण आहे आणि त्याच्या आत हवेचं. सूर्यातून आणि त्याच्याही पलीकडून, फुटलेल्या ताऱ्यांतून, बारीक कण भयंकर वेगानं येत असतात. आपल्यापर्यंत त्यातले थोडेच पोचतात. चंद्रावर किंवा मंगळाकडं निघालेला माणूस त्या पांघरुणाच्या बाहेर जातो."

"मग भाजतं का अंग?" एकीनं विचारलं.

"काहीच कळत नाही, हेच तर वाईट. फक्त कधीकधी डोळे मिटून पडलं की अंधारात ठिणगी उडाल्यासारखी दिसते. तो एक कण डोळ्यातून गेलेला असतो."

मला शहारा आला, पण मी तो दाखवला नाही. मी म्हटलं, "अगं, मग यानाच्या भिंती जाड करा की. एवढे शिकलेले लोक, एवढं सुचत नाही?" ती हसली. म्हणाली, जाड धातूवर आपटून ते कण आणखी कण उडवतात, त्यापेक्षा पाणी नाहीतर प्लास्टिक बरं. "मग पाण्याच्या टाकीत बसवून पाठवा," मी म्हटलं. ती म्हणाली, "आई, खरंच तसलेच विचार चाललेत."

पुढं तिनं सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण माझी लेक रोज काय करते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. हे कण पेशीत शिरले की आतला जनुकांचा धागा तुटतो. पेशी तो जोडून घेते, पण घाईत कधी चुकीचं टोक चुकीच्या टोकाला जोडलं जातं. त्यातून पुढं कितीतरी वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. हृदयावर, मेंदूवर काय होतं ते अजून धड कुणालाच ठाऊक नाही. आणि सूर्यावर मोठं वादळ उठलं, आणि माणूस आडोशाबाहेर असला, तर त्याला काही तासांत उलट्या सुरू होतात. अंतराळवीर परत आला की त्याचं रक्त घेतात आणि त्यातले तुटून वेडेवाकडे जुळलेले धागे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. आमची लेक ते मोजण्यात पटाईत. असले कण बशीतल्या पेशींवर सोडणारं मोठं यंत्र असतं, त्याच्या जवळपास तिला वावरावं लागतं, म्हणून तिच्या कोटावर एक छोटा बॅज असतो. तिच्या अंगावर किती किरणं पडली ते तो साठवून ठेवतो. काही महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा येतो. तिचा आकडा दरवेळी जवळपास काहीच नसतो.

तो बॅज खरं तर कामाच्या जागीच ठेवून यायचा. ही बाई गाडी चुकेल म्हणून पळाली आणि बॅज पिशवीत टाकून घरी घेऊन आली. आमच्या ह्यांनी तो बघितला. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं जवळच्या ओरत्तनाडुला बसनं जाऊन-येऊन नोकरी केलेले, देवभोळे आणि नको तितके टापटिपीचे. वस्तू जपून ठेवणं हा ह्यांचा धर्म आहे. इतक्या जपून ठेवतात, की घरातल्या कुणालाच ती वस्तू पुन्हा दिसत नाही. बॅज कसला ते कळल्यावर म्हणाले, "म्हणजे हे तुझं आयुध झालं. उद्या आयुधपूजा आहे. पूजेला ठेवायलाच हवं." आणि दुसऱ्या दिवशी माझी हिंदीची पुस्तकं, ह्यांचं जुनं पेन, विळी, कात्री, चंदनाची बोटं लावलेली स्कूटर आणि माझ्या लेकीचा बॅज, सगळ्यांची एकत्र पूजा झाली. लेक हसून हसून बेजार झाली. कोलूपुढं बॅजला कुंकू लावून ठेवलेलं मी पाहिलं आणि चुलीवरची रसवांगी करपू नये म्हणून आत पळाले.

विजयादशमीच्या सकाळी ती उठली तीच उलटी करत. दुपारपर्यंत घरात सगळ्यांना कळलं की दिवस गेलेत.

आनंद झाला, पण भीतभीत. आदल्या वर्षी तिला असेच दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा ती तिथं एकटी होती. जावई बोटीवर नोकरी करतात, महिनोन्‌महिने बाहेर असतात. मी पोचेपर्यंत होऊन गेलं होतं. त्यामुळं या वेळी इथल्या डॉक्टरीणबाईंनी "पडून राहा, कामाचं नाव काढू नको" म्हटल्यावर मी तिला अक्षरशः पलंगाला बांधून ठेवलं. ऑफिसला कळवलं, लांब रजा मिळाली. दिवाळी झाली, कार्तिक सरत आला, उलट्या थांबल्या, तोंडावर तेज आलं, आणि मग ती पिशवी भरून परत गेली. तिथं तिला यंत्रापासून दूर, टेबलाशी बसायचं काम दिलं. मी निःश्वास सोडला.

तो निःश्वास महिनाभर टिकला.

मार्गळी महिना होता, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. सकाळी दारात कोलम काढत होते, इतक्यात रिक्षा थांबली आणि लेक उतरली. कळवलं नव्हतं. पोट आता चांगलं दिसत होतं. मी हातातला रांगोळीचा डबा तसाच टाकला. म्हटलं, "काय गं? बरी आहेस ना?" ती म्हणाली, "आत चल आधी." मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

आत बसून तिनं सांगितलं. बॅजचा आकडा आला होता. मोठा होता. ज्या महिन्यांचा तो बॅज, त्या महिन्यांत यंत्राजवळ काम करताना तिला हा मार बसला असं कागद सांगत होता. आणि नवरात्रापूर्वीचे ते आठवडे म्हणजे पोटात जीव होता आणि तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, ते आठवडे. यंत्राच्या नोंदीत कुठलीच गडबड सापडत नव्हती. तिथल्या सुरक्षा अधिकारीणबाईंनी चौकशी सुरू केली होती. हिचं रक्त घेतलं होतं. ज्या टेबलावर ही लोकांचे धागे मोजते, त्याच टेबलावर आता हिचे धागे दुसरं कुणी मोजणार होतं. हिला बघायची परवानगी नव्हती. निकालाला वेळ लागणार, म्हणून ती घरी आली होती.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"आई, या आकड्याला बाळाला काही होण्याची शक्यता कमी आहे."

"कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे कमी." आणि ती रडायला लागली. माझी लेक रडत नाही. गेल्या वर्षीही माझ्यासमोर रडली नव्हती.

मला आता लाज वाटते, पण तेव्हा मी रागावले. भीती वाटली की मला रागच येतो, दुसरं काही येतच नाही. मी तिच्या नोकरीवर रागावले, त्या यंत्रावर रागावले, आणि जन्मात न पाहिलेल्या अंतराळवीरांवर तर तोंड भरून रागावले. "कुणी सांगितलंय त्यांना चंद्रावर जायला? इथं खायला-प्यायला काय कमी पडलं? ते जाणार, आणि पोटुशी पोर त्यांच्यासाठी जीव पणाला लावणार! सोड ती नोकरी. आज सोड." ती डोळे पुसत म्हणाली, "आई, ते गेलेच नाहीत तरी हे काम लागतं. कॅन्सरवर जी किरणं देतात ना, त्यासाठीसुद्धा हेच शिकावं लागतं." मी म्हटलं, "मला शिकवू नको." ह्यांनी कॉफीचा डबरा-पेला आणून तिच्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "काही होत नाही. देव आहे." मला तेव्हा ह्यांचाही राग आला. देव आहेच, पण इतक्या निवांतपणे काय सांगायचं!

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मलाच ठाऊक. सकाळी देवळाच्या लाउडस्पीकरवर भजनं, आणि मी चुलीपुढं उभी राहून नवरात्रातलं एकेक आठवायची. सूर्याच्या वादळात सापडलेल्या माणसाला उलट्या होतात, असं ही स्वतःच सुंदल खाता खाता बोलली होती. आणि विजयादशमीला हिला उलट्या झाल्या. मी ते बोलू नये, बोलू नये म्हणत शेवटी बोलून गेलेच. "त्या उलट्या नक्की दिवस गेल्याच्याच होत्या ना गं?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला जीभ चावून टाकावीशी वाटली. मग शांतपणे म्हणाली, "तशा उलट्या व्हायला याच्या कितीतरी पट किरणं लागतात. तसं असतं तर मी आज इथं बसून तुझ्याशी बोलत नसते." तिला ठाऊक होतं म्हणजे तिनंही तो विचार करून ठेवला होता. आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत फिरत होतो.

एका दुपारी तिला फोन आला. सुरक्षा अधिकारीणबाई होत्या. लेकीनं फोन स्पीकरवर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून. बाई म्हणाल्या, आकडा नीट पाहिला तर विचित्र वाटतो. बॅजमध्ये वेगवेगळ्या झाकणांखाली वेगवेगळे कप्पे असतात, त्यावरून कुठल्या जातीची किरणं ते कळतं. "हे आपल्या यंत्रासारखं दिसत नाही. बॅज कशाला तरी अगदी चिकटून बरेच दिवस पडून असावा असं दिसतंय. रजेच्या काळात बॅज कुठं होता?"

"माझ्या पिशवीत," लेक म्हणाली. "पूजेला एक दिवस बाहेर काढला होता. बाकी पिशवीतच. जाताना मी पिशवीतूनच नेला."

"पिशवी कुठं होती?"

"कपाटात."

बाई म्हणाल्या, कपाटात असं काही नसतं, पण पुन्हा विचार करा. फोन ठेवला. लेक तशीच बसून राहिली. मी मात्र उठले. कपाटात म्हणे काही नसतं! या घरातल्या कपाटांत काय नसतं ते ह्यांना विचारा. मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. हे झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"अहो, हिची पिशवी तुम्ही कुठल्या कपाटात ठेवली होती? त्यात आणखी काय काय कोंबलंय? खरं सांगा."

"पिशवी? तिच्या खोलीतल्या. कपड्यांच्या," हे म्हणाले. "पण बॅज पिशवीत नव्हता."

"म्हणजे?"

"पिशवीत हरवला असता. त्या दिवशी हिची तब्येत बिघडली, डॉक्टर, धावपळ. कोलू मी एकट्यानंच आवरला, तुला आठवत असेल. बॅज मी जपून ठेवला होता. ही निघाली त्या सकाळी काढला, पुसला आणि पिशवीत घातला." आणि वर अभिमानानं म्हणाले, "कुंकवाचा डागसुद्धा राहू दिला नाही."

लेक दारात येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "अप्पा, जपून कुठं ठेवला होता?"

"कोलूच्या वाळूच्या डब्यात. पूजेला त्या वाळूतच उभा केला होता ना. वाळूसकट डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबा माळ्यावर टाकला. मुंगीसुद्धा जायची नाही."

"कसली वाळू?"

"समुद्रकाठ करतो ती. काळी. कन्याकुमारीहून येताना वाटेत किनाऱ्यावर गाडी थांबवून भरून आणली होती की आपण. तू शाळेत होतीस."

मी लेकीकडं पाहत होते, म्हणून मला तिचा चेहरा बदलताना दिसला. आधी काहीच नाही. मग डोळे मोठे झाले. मग तिनं दाराची चौकट धरली आणि हळूच खाली बसली, आणि मला वाटलं हिला काही झालं. मी धावले तर ही हसत होती. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आई," ती म्हणाली, "अगं, ती वाळू किरणं सोडते. तिकडच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत थोरियम असतं. सगळ्या जगाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे! आणि अप्पांनी माझा बॅज दोन महिने तिच्यात पुरून ठेवला!"

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी विचारलं, "म्हणजे मार बसला तो बॅजला? तुला नाही?"

"मी पलंगावर होते. डबा माळ्यावर होता."

"अय्यो," मी म्हटलं, आणि मीही तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ह्यांच्या हातात अजून अडकित्ता होता. ह्यांनी विचारलं, "मी काही चुकीचं केलं का?"

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तमिळ, मराठी आणि थोडी हिंदीही होती त्यात.

पण लेक शास्त्रज्ञ आहे. नुसत्या हसण्यावर तिचं समाधान होत नाही. दुसऱ्या दिवशी आमची वरात निघाली. हे स्कूटरवर, पायांमध्ये तो डबा. मागं रिक्षात आम्ही दोघी. गावातल्या एका इस्पितळात कॅन्सरवर किरणं देण्याचा विभाग आहे, तिथले एक भौतिकतज्ज्ञ लेकीच्या ओळखीचे निघाले. त्यांनी हातात मावेल असं यंत्र आणलं. टेबलापाशी ते सावकाश टिकटिकत होतं. डब्याचं झाकण काढून जवळ नेलं तर कढईत मोहरी तडतडावी तसं तडतडायला लागलं. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते म्हणाले, घाबरू नका, जरा लांब गेलं की काही नाही, पण हे घरात ठेवायची वस्तू नव्हे. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

लेकीनं मूठभर वाळू नीट बंद करून तिकडं पाठवली. तिथल्या सुरक्षा अधिकारीणबाईंनी त्यात दुसरा बॅज ठेवून पाहिला आणि कळवलं, की कप्प्याकप्प्यात तसाच नमुना उमटतो आहे. तरी रक्ताचा निकाल यायचाच होता. बॅजनं सगळं सांगितलं होतं तरी शरीर काय सांगतंय ते ऐकायचं होतं. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी मी तिरुवैयारुला जुन्या विद्यार्थिनीकडं हळदीकुंकवाला गेले होते. बसमधून उतरते तोच फोन. लेक म्हणाली, "काही नाही, आई. चारचौघांच्या रक्तात असतं तेवढंच. काही नाही." मी नदीकडं तोंड करून रस्त्यावर उभी राहिले आणि मोठ्यानं रडले. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. एका फुलवालीनं मला धरून बसवलं आणि तमिळमध्ये विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, कुणी गेलं नाही. तिनं मला एक गजरा दिला.

वाळूचं पुढं काय करायचं यावर घरात वाद झाला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर. लेकीनं आपल्या बाईंना विचारलं, त्यांनी सांगितलं, जिथून आणली तिथंच नेऊन टाका, उगीच कालव्यात नका ओतू. आणि हे खरंच एकटे बसनं त्या किनाऱ्यापर्यंत गेले आणि ओतून आले. परत आल्यावर मी विचारलं, "समुद्रानं ओळखलं का?" पुढं कितीतरी महिने मी ह्यांना सोडलं नाही. घरात काही सापडेना की मी म्हणायची, "वाळूच्या डब्यात बघा." पाहुणे आले की हा किस्सा तिखटमीठ लावून सांगायची. हे हसायचे, सुपारी कातरायचे. मला वाटायचं, ह्यांना काही लागतच नाही. त्या भयंकर दिवसांतही "काही होत नाही" म्हणत बसलेला माणूस!

लेक बाळंतपणापर्यंत इथंच राहिली. एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. चंद्र वर आला होता. मी म्हटलं, "तुझे ते लोक आत्ताही कुठंतरी वर असतील." ती म्हणाली, "असतील. आई, मला तेव्हा सारखं वाटत होतं, आकडा वाढला म्हणजे काय वाटतं ते मला आता कळलं. मी इतकी वर्षं त्यांचे आकडे मांडते, पण आकडा आपला असला की तो पोटात जाऊन बसतो. आणि माझा तर खोटा निघाला. त्यांचा बॅज जिथं असतो तिथंच ते असतात." त्या दिवसापासून मला त्या लोकांचा राग येत नाही. वर गेलेल्यांच्या बातम्या लागल्या की मी हातातलं काम ठेवते. ते खाली उतरले, कुणीतरी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, की मला बरं वाटतं. त्यांच्याही आया कुठंतरी असतील.

लेकीला सकाळी कळा सुरू झाल्या. आम्ही तिला इस्पितळात नेलं. मला आत घेतलं, हे बाहेर व्हरांड्यात राहिले. मुलगी झाली. नर्सनं तिला कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं, आणि मी तिचं तोंड बघायच्या आधी कापड बाजूला केलं आणि बोटं मोजली. हातांची मोजली, पायांची मोजली. वर पाहिलं तर लेक माझ्याकडं पाहत होती. म्हणाली, "मीपण मोजली." सगळं विज्ञान तिच्या डोक्यात होतं, रक्ताचा निकाल तिच्या हातात होता, तरी तिनं मोजली होती. मग आम्ही दोघी हसलो. आता खरोखर संपलं होतं.

नर्स बाहेर सांगायला गेली आणि हसत परत आली. मला तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, इतकी वर्षं नोकरी करते, बाहेरची माणसं आधी विचारतात मुलगा की मुलगी. तुमच्या यजमानांनी विचारलं, बोटं सगळी नीट आहेत ना. मी हो म्हटलं, तर भिंतीला धरून रडायलाच लागले. मुलगा की मुलगी ते विचारलंच नाही अजून."

मी बाळाला घेऊन बाहेर गेले. हे पाठमोरे उभे होते. मी म्हटलं, "अहो, इकडं बघा. मुलगी आहे." हे वळले, पण हात पुढं करेनात. म्हणाले, "मी नको घ्यायला. तूच धर." मी बाळाला ह्यांच्या हातांत ठेवलं आणि ह्यांचे हात थरथरायचे थांबेपर्यंत खालून माझे हात लावून उभी राहिले.